आधी गळती की आधी ताप?

एप्रिलमधल्या एका रात्री सिहोऱ्याच्या घरी पुतण्याने गाडीखाली पुठ्ठा पसरला. कूलरचं रिकामं खोकं फाडून केलेला, चांगला लांबरुंद. सकाळी आम्ही दोघांनी तो ओढून बाहेर काढला आणि उन्हात धरून पाहिला. एक थेंब नव्हता. पाण्याचा नाही, तेलाचाही नाही. बॉनेट उघडलं, तर कूलंटच्या पांढऱ्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. आठच दिवसांपूर्वी त्याने ती भरली होती. भरल्याची तारीख वहिनीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली होती.

तुमसर-बपेरा रस्त्यावरच्या मिस्त्रीने गाडी सुरू करून पाहिली, ऑइलचं झाकण काढून त्याच्या आतून बोट फिरवलं, आणि गाडी बंद करायला लावली. "पानी पिऊन राहिली भाऊ गाडी. हेड खोलावं लागते. पण मी नाही खोलत. वॉरंटी आहे ना? मग तिथंच ने."

थेंबही बाहेर पडत नाही, तर पाणी जातं कुठे? आणि हातातलं काम मिस्त्रीने का सोडलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून आधी इंजिनात उतरू.

पातळ पत्रा, तीन शेजारी

इंजिनाचे ढोबळमानाने दोन भाग. खाली ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली करतात तो जाड ठोकळा. वर हेड, म्हणजे त्या ठोकळ्यावरचं झाकण. या झाकणात व्हॉल्व असतात, हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट असते. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये साधारण मिलिमीटरभर जाडीचा पत्रा दाबून बसवलेला असतो. तोच हेड गॅस्केट. पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस आणि तांबं असायचं. आता बहुतेक गाड्यांत पोलादाचे दोन-तीन पातळ थर एकावर एक ठेवलेले असतात आणि त्यांना भोकांभोवती बारीक उंचवटे दिलेले असतात. हे उंचवटे स्प्रिंगसारखे दबतात आणि फट बुजवतात.

कुकरच्या रिंगला घरोघरी गॅस्केटच म्हणतात. कामही तेच, दोन धातूंमधली फट बुजवणं. पण कुकरच्या रिंगला फक्त वाफ अडवायची असते. हेड गॅस्केटला तीन शेजारी एकमेकांच्या हद्दीत जाऊ द्यायचे नसतात: सिलिंडरमधली आग, त्या सिलिंडरभोवती फिरणारं थंडाव्याचं पाणी आणि वर चढणारं वंगणाचं तेल. तिघांसाठी पत्र्यात वेगवेगळी भोकं असतात, आणि काही ठिकाणी दोन भोकांमधली भिंत बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद असते.

आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे चटकन कळतं. बांधीत पाणी उभं राहतं ते धुऱ्यामुळे, म्हणजे बांधामुळे. धुऱ्याला खेकड्याने भोक पाडलं की पाणी रातोरात शेजारच्या बांधीत उतरतं. रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर ओल कुठेच दिसत नाही, कारण पाणी शेताबाहेर गेलेलंच नसतं. हेड गॅस्केट हा इंजिनातला धुरा आहे. पुतण्याचा पुठ्ठा कोरडा राहिला तो यामुळेच.

सेकंदाला शंभर स्फोट

धुरा का फुटतो, हे समजायला त्याच्यावरचा भार पाहावा लागेल. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटतं. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा, चौघांत मिळून १०० वेळा. पेटलेल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. दाब पेट्रोल गाडीत बाहेरच्या हवेच्या पन्नास पटींहून अधिक, डिझेलमध्ये शंभर पटींहून अधिक. आणि काही मिलिमीटर पलीकडे ९० अंशांच्या आसपासचं कूलंट शांतपणे फिरत असतं.

हा दाब हेडला वर उचलू पाहतो. बोल्ट त्याला खाली ओढून धरतात. म्हणूनच हेडचे बोल्ट मिस्त्री हाताच्या अंदाजाने आवळत नाही. मधून सुरुवात करून कडांकडे, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ताकदीने आणि शेवटी ठरलेल्या अंशांच्या कोनात ते फिरवायचे असतात. अनेक गाड्यांत हे बोल्ट आवळताना मुद्दाम किंचित ताणले जातात आणि एकदा काढले की पुन्हा वापरायचे नसतात.

त्यात धातूंचा स्वभाव वेगळा. अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की सुमारे पाऊण मिलिमीटरने लांबतं, आणि खालचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच. मधल्या गॅस्केटवर दर वेळी गाडी तापताना आणि निवताना ही घासाघीस होते. मला या पातळ पत्र्याचं खरंच कौतुक वाटतं. दहा-पंधरा वर्षं तो हे निमूट सोसतो आणि बहुतेक गाडीमालकांना त्याचं नावही माहीत नसतं.

धुरा कुठे फुटला, त्यावर लक्षण

आग आणि पाणी यांच्यामधली भिंत गेली की दोन्हीकडून त्रास. इंजिन चालू असताना दाब आगीकडे जास्त असतो, म्हणून वायू पाण्यात घुसतो. बाटलीत बुडबुडे येत राहतात, रेडिएटरचा रबरी पाइप गाडी सुरू होताच दगडासारखा कडक होतो. इंजिन बंद झालं की उलटं होतं. आता पाण्यात दाब उरलेला असतो, ते सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी गाडी थरथरत सुरू होते आणि मागून पांढरा, किंचित गोडसर वासाचा धूर येतो. गोडसरपणा इथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनाचा. ते विषारी असतं, त्यामुळे मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडापासून लांब ठेवायचं.

पाणी तेलात गेलं तर तेलाचा रंग बदलतो. त्या दिवशी मिस्त्रीने झाकणाच्या आतून बोट फिरवून बोटाला लागलेलं आम्हाला दाखवलं होतं: दुधाळ, फेसाळ, सायीसारखं. मात्र थंडीत रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखालीही दमटपणाने अशी साय धरते, आणि थंडीतल्या सकाळी चांगल्या गाडीच्या मागूनही पांढरी वाफ निघते. एका लक्षणावरून निकाल देऊ नये.

आणि पाणी नाहीसं होण्याची सगळी पापं गॅस्केटच्या माथी मारू नयेत. वॉटर पंपाची बारीक गळती गरम इंजिनावर पडून जागीच वाळते. मागे पांढरट किंवा रंगीत खरपुडी तेवढी उरते. हीटरची जाळी गळली तर पाणी गाडीच्या आत, पायाखालच्या चटईत जातं. बाटलीचं झाकण सैल असलं तरी वाफ निघून जाते. म्हणून चांगला तंत्रज्ञ आधी थंड इंजिनाच्या यंत्रणेत हवेचा दाब भरून काटा उतरतो का पाहतो. मग बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतो. पाण्यातून जळका वायू येत असेल तर तो निळा द्रव पिवळा पडतो. या दोन्ही चाचण्यांना हेड खोलावं लागत नाही.

---

चौकट: काटा लाल रेघेकडे गेला तर

एसी बंद करा, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा मोह आवरा. गरम रेडिएटरचं किंवा बाटलीचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण फिरवताच उकळून अंगावर उसळतं. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. काटा किती वर गेला, किलोमीटर किती झाले होते आणि गाडी कधी बंद केली, हे लगेच लिहून ठेवा. डॅशबोर्डचा फोटो काढा.

---

मे महिन्याचं गणित

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्याचा इंजिनावर किती फरक पडत असेल? आत २००० अंशांची आग असताना बाहेर वीस काय नि पंचेचाळीस काय, असं वाटतं. पण रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ७५. हवा ४५ झाली की फरक ५० उरतो. म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांश कमी काम करतो. त्यात लग्नसराईत सहा माणसं भरून, एसी लावून चांदपूरला निघालेली गाडी.

या तुटपुंज्या फरकात बोअरचं पाणी आणखी घोळ घालतं. चहाचं पाणी रोज उकळून भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवतं आणि बाकीची द्रव्यं धातूला गंजू देत नाहीत. ही द्रव्यं वापराने संपतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत कूलंट बदलायची मुदत छापलेली असते, आणि ही मुदत लोक सर्रास विसरतात.

पाणी फार कमी झालं की एक फसवी गोष्ट घडते. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असायला हवा. तो उघडा पडला की पाण्याऐवजी वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगतो, आणि काटा मध्यावर राहूनही हेड भाजून निघू शकतं. भाजलेलं हेड वाकतं. अनेक इंजिनांत त्याच्या सपाटपणात चालू शकणारा फरक ०.०५ मिलिमीटर इतकाच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असतो. हेड त्याहून जास्त वाकलं की गॅस्केटवरचा दाब सारखा राहत नाही, आणि धुरा फुटतो.

म्हणजे दोन रस्ते झाले. गॅस्केट आधी कमजोर झालं, पाणी हळूहळू गेलं आणि मग गाडी तापली. किंवा पाइप फुटला, पंखा बंद पडला, कुणी तापलेली गाडी तशीच हाकली, आणि त्या तापाने गॅस्केट गेलं. शेवटी दोन्हीकडे फाटलेलं गॅस्केटच हाती येतं. एक्स्टेंडेड वॉरंटीचं सगळं भांडण इथे आहे.

एक नाव, दोन गोष्टी

"कंपनीने वॉरंटी वाढवली" आणि "मी वाढीव वॉरंटी घेतली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलीत कंपनी स्वतःच्या एखाद्या भागाचा दोष ओळखते आणि त्या भागापुरती मुदत फुकट वाढवते. अमेरिकेत सुबारूच्या अडीच लिटरच्या इंजिनांत हेड गॅस्केटमधून बाहेरच्या बाजूला कूलंट झिरपत असे. १९९९ ते २००२ च्या काही गाड्यांसाठी कंपनीने कूलंटमध्ये घालायचं एक द्रव्य दिलं आणि त्या गळतीपुरती वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत नेली. होंडाने २००६ ते २००८ च्या सिव्हिक गाड्यांत ब्लॉकला तडा जाऊन कूलंट गळण्याच्या दोषासाठी ती दहा वर्षांपर्यंत वाढवली. ब्रिटनमधलं रोव्हरचं के-सिरीज इंजिन मात्र हेड गॅस्केटमुळेच बदनाम झालं. हेड आणि ब्लॉक एका रेषेत धरणाऱ्या खुंट्या त्यात प्लास्टिकच्या होत्या, त्या पुढे पोलादाच्या कराव्या लागल्या.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलची तरतूद आली. पण ती पर्यावरणाला किंवा गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसांना इजा होऊ शकेल अशा दोषांसाठी आहे. कूलंट हळूहळू झिरपण्याचा दोष त्यात बसवणं अवघड.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे भरून घेतलेली वाढीव मुदत. पुतण्याची हीच होती. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली, आणि पैसे भरून ती सहा वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत नेता येते. यात "जे आधी होईल ते" हे चार शब्द नीट वाचायचे. तुमसर, भंडारा, नागपूर अशा फेऱ्या करणाऱ्याचे किलोमीटर वर्षांच्या कितीतरी आधी संपतात.

गाडीचा विमा इथे कामाचा नाही. अपघात, चोरी, आग यांसाठी तो असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार विम्यातून वगळलेले असतात.

वॉरंटीच्या कागदात मी तीन जागा शोधायला सांगेन. एक, गॅस्केट आणि सील यांचं नाव कुठल्या यादीत आहे. काही कागदांत ते "मोठ्या दुरुस्तीचा भाग म्हणून बदलले तरच" धरलेले असतात. दोन, कूलंट, ऑइल, हेडचे बोल्ट यांचे पैसे कोण देणार. तीन, सर्वात महत्त्वाचं, "बिघाड लक्षात आल्यावर गाडी चालवत राहिल्याने झालेलं नुकसान" वगळलेलं आहे का. बहुधा असतंच. गॅस्केटचा पत्रा तसा स्वस्त, पण तो बदलायला अर्धं इंजिन उतरवावं लागतं, आणि खरा खर्च त्या मजुरीचा असतो. त्यामुळे हे एक वाक्य मोठ्या रकमेचं ठरतं.

"गाडी तुम्ही तापवली"

आम्ही गाडी सिहोऱ्याहून टोइंगवर नागपूरला नेली. काउंटरवरच्या माणसाने पहिलं वाक्य म्हटलं ते हेच. पुतण्या चिडला. मला त्याला आवरावं लागलं, कारण त्या माणसाचा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर न तपासताच तो ते देऊन मोकळा झाला होता, चूक तिथे होती.

गाडी तापली की गळती आधी झाली, हे ठरवायला पुरावा लागतो, आणि तो हेड उघडण्याआधी जमवावा लागतो. आमच्या मिस्त्रीने हात आखडता घेतला तो म्हणून. त्याने हेड खोललं असतं तर बोल्ट किती आवळलेले होते, गॅस्केट कुठे फाटलं होतं, हेड आधीच वाकलेलं होतं का, या सगळ्याचा साक्षीदार एकटा तोच उरला असता. वॉरंटीवाल्यांना "बाहेर उघडलं" एवढं कारण पुरलं असतं. शंभरेक रुपयेही न घेता त्याने एवढा विचार केला, हे मला इथे नोंदवायचं आहे.

आमच्याकडे तीन गोष्टी होत्या. सर्व्हिसच्या पावत्या, सगळ्या मुदतीतल्या. कालनिर्णयच्या पानांचे फोटो, ज्यात मार्चपासून कूलंट किती वेळा आणि किती भरलं याच्या तारखा होत्या. आणि काटा एकदाही लाल रेघेकडे गेला नव्हता हे पुतण्याचं सांगणं. गाडीच्या संगणकात ओव्हरहीटचा कोड साठलेला आहे का, हे वाचून पाहा, असं आम्ही लेखी मागितलं. दाबाची आणि निळ्या द्रवाची चाचणी आमच्यासमोर करा आणि हेड उघडताना आम्हाला बोलवा, हेही त्याच कागदावर लिहिलं. जॉब कार्डावर "गाडी गरम होते" असं लिहिलेलं होतं, ते "कूलंट कमी होते, बाहेर गळती दिसत नाही" असं बदलून घेतलं. ही दुरुस्ती क्षुल्लक वाटते, पण पुढे सगळे तोच कागद वाचतात.

नकार मिळालाच, तर तो कारणासह लेखी घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गाडी नागपुरात घेतलेली असली तरी सिहोऱ्याच्या माणसाला भंडाऱ्यात दाद मागता येते. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांत २०० रुपये. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अपेक्षा मात्र मापात ठेवावी. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटी पाहून सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढीच कंपनीची जबाबदारी धरली. गॅस्केट गेलं म्हणून नवी गाडी मिळत नाही.

आम्हाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी हेड उघडायला बोलावणं आलं. तंत्रज्ञ तरुण होता, कामाला स्वच्छ. त्याने गॅस्केट उचलून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या सिलिंडरच्या भोकापासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत नखाएवढ्या रुंदीचा काळा माग गेला होता, पेटलेला वायू रोज थोडा थोडा खात गेल्यासारखा. मग त्याने हेड पुसून उलटं ठेवलं, त्यावर पोलादी पट्टी उभी धरली, आणि फिलर गेजचं ०.०५ चं पान पट्टीखाली सरकवून पाहिलं. लांबीच्या दोन्ही कडांना, रुंदीच्या दोन्ही कडांना, मग दोन्ही कर्णांवर. सहाही ठिकाणी पान आत गेलं नाही.

हेड तापून वाकलेलंच नव्हतं.

सुपरवायझरने स्वतः पट्टी धरून पुन्हा एकदा पाहिलं. मग जॉब कार्ड ओढलं आणि लिहिलं: हेड सपाट, ओव्हरहीटची खूण नाही, गॅस्केट वॉरंटीत. पुतण्याने त्या ओळीचा फोटो काढला आणि वहिनीला पाठवला.